आबांच्या खुब्यातली काळी पूड

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारा मी पहिला. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि घरातला प्रत्येक कागद माझ्यापुढे यायला लागला. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे, म्हणूनच हे लिहिणं जड जातंय.

आबा, म्हणजे माझे वडील, मार्केट यार्डात हमाल होते. तीस वर्षं पोती वाहून त्यांचा उजवा खुबा झिजला. पंधरा वर्षांपूर्वी सांधा बदलायची वेळ आली, तेव्हा सर्जननी दोन पर्याय ठेवले. धातूचा गोळा प्लॅस्टिकच्या वाटीत, नाहीतर धातूचा गोळा धातूच्याच वाटीत. सोबत एक गुळगुळीत इंग्रजी माहितीपत्रक. मी ते दोनदा वाचलं आणि आबांना निर्णय सांगितला. "धातूचीच वाटी घेऊ. प्लॅस्टिक झिजतं. ही जन्मभर पुरेल."

"लोखंडावर लोखंड?" आबा म्हणाले. "हातगाडीच्या आसाला वंगण नसलं की काळी पूड पडती, पोरा. हितं वंगण कोण घालणार हाय?"

मी हसलो. सर्जनसमोर हसलो, ते जास्त वाईट. "आबा, ही हातगाडी नाही." त्यांनी अंगठा उठवला, शेजारी मी झोकात सही केली.

सात-आठ वर्षं ते मजेत चालले. मग जिना चढताना खुबा करकरायला लागला. जांघेत सूज आली. तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते म्हणायचे. पुढे हात थरथरू लागले, कान गेले. माझं उत्तर ठरलेलं होतं: "वय झालं, आबा." कान तपासणारे डॉक्टरही तेच म्हणाले, तेव्हा मला बरंच वाटलं. बायको एकदा म्हणाली, "अहो, त्यांना वाक्य तरी पुरं करू द्या." मी तिलाही माहितीपत्रकातलं ऐकवलं.

शेवटी सूज लिंबाएवढी झाली, तेव्हा कोथरूडमधल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आतला सांधा कशाचा आहे?" इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. रक्त तपासलं. कोबाल्ट आणि क्रोमियम दोन्ही भलतेच वाढलेले. गोळा वाटीवर घासतो, धातूचे बारीक कण सुटतात, भोवतालचं मांस खराब होतं, आणि रक्तात गेलेला कोबाल्ट कानांपर्यंत पोचू शकतो, असं त्यांनी समजावलं.

"म्हणजे काळी पूड," मी म्हणालो.

"हो, तसंच समजा."

आबा शेजारीच बसले होते. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

मी तावातावाने पहिल्या सर्जनकडे गेलो. त्यांनी शांतपणे फाइल उघडली. "निवड आपली होती. ही आपलीच सही ना? आणि दरवर्षी तपासणीला या, असं डिस्चार्ज कार्डाच्या मागे छापलंय. किती वेळा आलात?"

एकदाही नाही. घरी येऊन कार्ड काढलं. मागे खरंच छापलेलं होतं, बारीक अक्षरात. त्यांनी तोंडाने सांगितलं नाही, हे खरं. पण सगळ्यांचे कागद वाचणाऱ्या मी घरचंच कार्ड उलटून पाहिलं नव्हतं.

दुसरं ऑपरेशन झालं, प्लॅस्टिकची वाटी बसली. आतून काळपट चिखल निघाला, असं बाई म्हणाल्या. हातांची थरथर थांबली. तोंडातली नाण्याची चवही गेली. कान परत आले नाहीत. यंत्र लावून आवाज येतो, शब्द येत नाहीत, म्हणून ते कपाटात पडून आहे.

मला माफी मागायची होती. लिहून द्यावी तर त्यांना अक्षर येत नाही. ओरडून मागावी तर सगळी सोसायटी ऐकणार. एका रविवारी खिडकी लावली, समोर बसलो आणि म्हणालो, "आबा, माझं चुकलं. तुमचं ऐकायला हवं होतं." ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. परत म्हणालो. तिसऱ्यांदा घसा फुटेस्तोवर ओरडलो.

"पहिल्याच बारीला कळलं हुतं," आबा म्हणाले. "खिडकी उघड आता. उकडतंय."