चावडीसमोरून

त्या संध्याकाळी मी आणि बायको ओट्यावर बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. मी चार फोडायचो तोवर तिची एक व्हायची. देवपूरला लेकीकडं राहून आली तेव्हा तिथल्या विहारात डोळे मिटून श्वास बघत बसायला शिकली होती. तेव्हापासून दाणासुद्धा बघून टाकायची. मी डिवचलं, "डोया मिटीसन काय दिसस तुले?"

"तुम्हना राग दिसस," म्हणाली.

जेवायला उठलो, तर छातीवर हात धरून तिथंच बसली. गाडी यायच्या आत संपलं.

आमच्या वस्तीतलं मढं गावातून जात नसे. मसणवटीचा सरळ रस्ता चावडीसमोरून, पण आम्ही मागच्या नाल्यातून न्यायचं. पावसाळ्यात माझ्या आईला नेताना तिरडी चिखलात निसटली होती. त्या दिवशी बायको म्हणाली होती, "मला इथून नेलं तर मी उठून बसेन." हसली नव्हती.

आता पुन्हा पावसाळाच. माणसं जमली. माझा थोरला चुलतभाऊ म्हणाला, "नाना, मुकाट्यानं नाल्यानं चल. दुःखात भांडण कशाला? ती तर शांतीवाली बाई होती."

"शांतीवाली होती," मी म्हणालो, "मुकी नव्हती."

लोकांना वाटतं, श्वास बघणारं माणूस सगळं सोसतं. चूक आहे ते. मी रागानं ओरडायचो आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यानं जायचो. ती ओरडत नसे, पण कुणी ओंजळीत वरून पाणी ओतलं तर न पिता तहानलेलीच परत यायची.

सकाळी मी पुढचा खांदा धरला आणि चावडीकडं वळलो. मागं कुजबुज झाली, पण कुणी खांदा सोडला नाही. चावडीवरून एकानं विचारलं, "का रे, वाट चुकला का?"

"आजवर चुकलो," मी म्हणालो.

तो उठून आडवा उभा राहिला. माझ्या तोंडात शिवी आली होती. ती गिळली. "खाली ठेवा," मी आमच्या माणसांना म्हणालो. वाटेत विसावा द्यायची रीत आम्ही धम्म घेतला तेव्हाच सोडलेली, तरी तिरडी ठेवली. तिच्याशेजारी रस्त्यातच मांडी घातली, डोळे मिटले. श्वास बैलासारखा धावत होता. तो जागेवर येईतो उठलो नाही. बठ्ठा गाव, सगळाच्या सगळा, बघत होता. बघू दे.

डोळे उघडले तेव्हा तो माणूस बाजूला झाला होता. आम्ही तिला उचललं आणि सरळ गेलो.