आकडा तोच राहिला
कडबा जळाल्याचा वास आला की दुष्काळातलं अणदूरजवळचं आमचं गाव आठवतं. वडील वारल्यावर दूध सोसायटीच्या सेक्रेटरींनी रजिस्टरात त्यांचं नाव खोडून आईचं लिहिलं होतं. सभासदांचा आकडा बदलला, तरच ते रजिस्टराची नवी नक्कल करून तालुक्याला पाठवत. इथं एकाच्या जागी एक आलं, आकडा तोच राहिला, म्हणून नक्कल गेली नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारची कडब्याची गंज पेटली आणि सोसायटीची खोली रजिस्टरासकट जळाली. पुढं सभासदांना चारा वाटायला तालुक्याची जुनी नक्कल आणली, तर तिच्यात वडीलच होते. "वैनी, आकडा बघूनच म्या गप बसलो. चुकलं माझं," सेक्रेटरी मान खाली घालून म्हणाले. आई त्या नावाकडं बघत राहिली. "असू द्या भावजी," ती म्हणाली, "कागदावर तरी ह्ये अजून जित्ते हायती." कागद दुरुस्त होईपर्यंत चारा मिळाला नाही, आणि आमची गाभण म्हैस बाजारात विकावी लागली. आई शेवटपर्यंत त्या सोसायटीची सभासद होती. पण चरवी घेऊन ती पुन्हा तिकडं कधीच गेली नाही, याची चुटपुट मला आजही लागून आहे.