विकत घेतलेला वास

"धू ती मान. माझ्यासमोर धू."

शेठ बंगल्याच्या पायरीवर उभा. मी खाली, बागेतल्या नळापाशी. हातात भांडी घासायचा साबण. तो शेठनंच मोलकरणीकडून मागवून घेतला होता. मुंबईचे दोन पाहुणे गाडीपाशी ताटकळले होते. त्यांना पौडच्या पुढच्या जमिनी दाखवायला न्यायचं होतं. ते बघत होते. एकजण हसला.

मी धुतली.

हे आधीच सांगून टाकतो. कानामागं, गळ्याला, मनगटांना साबण लावला आणि धुतलं. कॉलर भिजली. फेस डोळ्यात गेला.

मी शेठचा ड्रायव्हर. बंगला भूगावात, पण आम्ही दोघं एकाच गावचे, पौडच्या पुढचे. त्यांची शेतं गावाच्या वरच्या अंगाला, आमची घरं खालच्या अंगाला. जमिनींना भाव आला तसा तो बिल्डर झाला. मी लायसन काढलं.

रोज सकाळी शेठ गाडीत बसला की त्याच्या सेंटनं गाडी भरायची. परदेशी बाटली, कुणीतरी दुबईहून आणलेली. लिंबाच्या सालीसारखा, ओल्या लाकडासारखा वास. खोटं कशाला बोलू? माणूस आवडायचा नाही, वास आवडायचा.

पुण्यात मंडईमागच्या एका दुकानात मी त्या सेंटचं नाव सांगितलं. जिभेला ते नीट वळलंही नाही. दुकानदारानं बरोबर खोकं काढलं. "ही कॉपी आहे. स्वस्त. पण वास सेम टू सेम," तो म्हणाला. मी घेतली. तिशी उलटली होती माझी. जिचा घरात कुणाला काही उपयोग नाही, अशी वस्तू मी पहिल्यांदा घेतली होती. फक्त मला आवडली म्हणून.

दुसऱ्या दिवशी लावून कामावर गेलो. शेठ गाडीत बसला आणि त्यानं नाक वर केलं.

"माझी बाटली उघडली व्हय रं?"

"न्हाई शेठ."

"मग ह्यो वास कसला?"

त्यानं मला खाली उतरवलं. माझी पिशवी बॉनेटवर उलटी केली. जेवणाचा डबा, कंगवा, बाटली. शेठच्या बायकोनं आतून शेठची बाटली आणून दाखवली. तिला कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं, सुटलो.

शेठ माझी बाटली हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "चोरली असती तर दोन ठिवून दिल्या असत्या आन् इषय मिटला असता. तू इकत घेतली?"

"व्हय."

"तुझ्या बापाचा वास आमाला लांबनं कळायचा. आन् आता तुझा आन् माझा वास एक? मालक कोण ते लोकांनी कसं वळखायचं?"

आणि मग तो नळ.

माझा बाप गावातली मेलेली जनावरं ओढून न्यायचा. गावाचीच जनावरं. शेठच्या गोठ्यातलीसुद्धा. ओढ्यावर राख लावून अंग घासायचा, कातडं लाल होईपर्यंत. तरी शाळेत मास्तर मला दाराबाहेर बसवायचे. म्हणायचे, हवा येऊ दे.

भिजल्या कॉलरनं मी गाडी काढली. माझी बाटली शेठच्या खिशात. शेजारी बसून तो पाहुण्यांना जमिनींचे भाव सांगत होता, जणू काही घडलंच नव्हतं. पिरंगुटच्या पुढं मागचा एक पाहुणा म्हणाला, "अब ठीक है, अब कोई बास नहीं." तिघंही हसले.

माझं डोकं सणकलं. बापाला घाण वास यायचा म्हणून शिव्या. मला चांगला वास आला म्हणून शिव्या. वास बदलला, शिवी तीच. म्हणजे ह्यांचं भांडण वासाशी कधी नव्हतंच. मग बापानं कशाला घासलं अंग? मी कशाला धुतली मान?

पौडच्या बाजारात गाडी कडेला घेतली. बंद केली. किल्ली शेठच्या मांडीवर ठेवली.

"चालवा तुमी."

"डोकं फिरलं का तुझं?"

"माझी बाटली द्या. इकत घेतलीया मी."

"खाली उतर आधी, मग बघू."

मी उतरलो. त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि धरून उभा राहिलो. आवाज चढवला. "बाटली द्या शेठ!" भाजीवाल्या बाया वळून बघायला लागल्या. शेठनं चारी बाजूला नजर फिरवली आणि बाटली काढून दिली. मी तिथंच, भर बाजारात, त्याच्या डोळ्यात बघत कानामागं लावली. गळ्याला लावली. मनगटांना लावली. आणि चालायला लागलो.

शेठनं सगळीकडं सांगितलं. भूगावपासून पिरंगुटपर्यंत मला कुणी गाडीवर घेईना. बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी गावातला एकजण निरोप घेऊन आला. "माफी माग. शेठ परत कामावर घेतो म्हनलाय. फकस्त ते सेंट नको."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. मग म्हणालो, "शेठला सांग, माफी त्यानं मागायची. माझी न्हाई, माझ्या बापाची. त्यानं न्हाई मागितली, तर पौडापासनं मारुंजीपातूर ज्या गाडीवर ड्रायव्हर दिसंल, त्याला मी ह्ये सांगनार. शेठचं नाव घिऊन. आन् मी मान धुतली, तेबी सांगनार."

ते मी सांगतोय. गाळत काहीच नाही.