वीतभर वाकडं

माझ्या हातून बरंच काही चुकीचं कापलं गेलंय. ब्लाउजांचे गळे तर सोडाच, नवऱ्याची एक कोरी पँटसुद्धा. त्या सगळ्यांवर हसून झालं. एका घोंगडीचा वीतभर तुकडा मात्र असा कापला की त्यावर अजून हसता येत नाही.

तेव्हा मी दौंडच्या एका शाळेत शिवणाची बाई होते. चाळिशी ओलांडलेली, कडक इस्त्रीच्या सुती साड्या आणि जगाचं भलं करायची खाज. हातानं विणलेलं थेट विणणाऱ्या बाईकडूनच घ्यावं, तिच्या घराला हातभार लागतो, असं कुठंतरी वाचलं आणि बाईसाहेब रविवारी एसटीनं निघाल्या. निमोण्याच्या पुढं वस्तीवर एक बाई घोंगड्या विणते, असं शाळेच्या शिपायानं सांगितलं होतं. तिच्या घरी पूर्वी मेंढरं होती. आता शेती होती, आणि सासरे गेल्यावर त्यांचा माग ती चालवत होती.

साधारण माझ्याच वयाची. पडवीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून मागावर बसलेली. तयार घोंगडी एकच होती, घडी घालून कणगीवर ठेवलेली.

"ती ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "एका टोकाला बिघडलीया. म्हैन्यानं या, चांगली देते."

मला वाटलं, बिचारी संकोचतेय. मी घडी उलगडलीच. काळीभोर, दाट, सुरेख वीण. फक्त एका टोकाला वीतभर सगळा गोंधळ. कुठं दोरा करकचून ओढलेला, कुठं बोट आरपार जाईल इतका सैल. काठ तर नागासारखा आतबाहेर.

हे कुणी विणलं, एवढं विचारायला हवं होतं. पण जन्मभर पोरींच्या वाकड्या टिपा उसवायला लावलेली मी, मला वाकडं दिसलं की पुढचं काही दिसायचंच नाही. म्हणाले, "एवढं काढून टाका, मग बघा तुमचा माल कसा खपतो." माल म्हणाले मी.

ती उठली नाही. त्या टोकावर हात ठेवून बसून राहिली. मी मनात म्हटलं, समज जरा कमीच दिसतेय. मग पर्समधून माझी कातरी काढली, कडेला नागमोडी दाते पाडणारी, जी मी कुंकवाच्या डबीसारखी सोबत बाळगत असे. "द्या इकडे," म्हणून तिचा हात मीच बाजूला केला. लोकर जाड, दोन्ही हातांनी दाबून कापावं लागलं. वर, सुटलेल्या दोऱ्यांना गाठी कशा माराव्यात तेही तिला शिकवलं. तिला. आणि तुकडा तिच्या मांडीवर टाकून म्हणाले, "याचं पुसणं करा."

घोंगडी विकत घेऊन दौंडला परत आल्यावर शेजारणींपुढं कष्टकरी बायकांवर भाषणही ठोकलं.

यंदा नात हॉस्टेलला निघाली आणि तिला आजीच्यासारखी घोंगडी हवी झाली, म्हणून इतक्या वर्षांनी पुन्हा त्या वस्तीवर गेले. मागाच्या खड्ड्यावर फरशी बसली होती, वर कांद्याच्या गोण्या. विणणारी ती बाईही आता माझ्यासारखीच म्हातारी. तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कातरीवाल्या बाई न्हाई का तुमी?"

"व्हय, त्याच," मी म्हटलं, आणि दोघी हसलो. घोंगडी मिळायची नव्हती. तिची बोटं आता वळत नव्हती. चहा टाकते म्हणून ती आत गेली, मी मागोमाग. आणि देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांखाली अंथरलेला काळा तुकडा दिसला. एका कडेला माझ्या कातरीचे दाते.

"हे अजून ठेवलंय?"

"लेकीनं विणल्यालं हाय." तिनं स्टोव्ह बारीक केला. "नऊ वर्साची व्हती. मला बी मागावर बशीव म्हणून हटून बसली. तीन दिसांत वीतभर झालं. मग ताप आला. दौंडला दवाखान्यात नेली, ती माघारी आलीच न्हाई. माग तसाच ऱ्हायला सा म्हैने. म्होरलं समदं मी विणलं. रोज उशाला घिऊन रडायची, तवा मालक म्हणले, कुणालातरी दिऊन टाक."

"मग तेव्हा बोललात का नाही मला?"

"काय बोलायचं. तुमी येवढ्या लांबनं आल्ता."

इतके हिवाळे मी ती घोंगडी पांघरून गाढ झोपले होते. म्हटलं, "उरलेली आणून देते. इथं जोडू."

तिनं मान हलवली. टाक एकेक उचलून तुकडा हातानं सारखा केला, देव जागच्या जागी ठेवले, आणि म्हणाली,

"नगं, बाई. ती मी विणल्याली हाय, ती तुमी पांघरा. कापलं त्ये बरं केलं तुमी. माझ्याच्यानं कापवलं नसतं, आन् समदीच तुमच्यासंगं गेली असती."