बहात्तर कांड्यांची दुपार

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते आणि बहुतेकदा हसून पान उलटते. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला पैंजण ऐकू येतात... मला आजवर काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. मी भिवंडीत प्राथमिक शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. आमच्या घरी बुद्धवंदना होते, अंगारे-धुपारे होत नाहीत. वर्गातलं एखादं पोर अंधाऱ्या खोलीला घाबरलं, तर मी त्याला त्याच खोलीत नेते आणि दिवा लावून दाखवते. माझा स्वभाव असा आहे. म्हणून हे लिहायला आठ वर्षं लागली.

१९९१ सालचा डिसेंबर. राहायला नारपोलीत, चाळीत. चारी बाजूंनी लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट. आमच्याकडे पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याला झोप येत नाही, आणि आम्ही बाहेरगावी गेलो की आम्हाला येत नाही.

त्या वर्षी मी तिसरीच्या मुलांना तलावाचं चित्र काढायला सांगितलं. वऱ्हाळा तलाव आमच्यापासून पायी अर्ध्या तासावर, कामतघरला. निम्म्या वर्गाने पाण्याची टाकी काढली! चौकशी केली तर मुलंच काय, त्यांच्या आयांनीही तलाव पाहिलेला नव्हता. लग्न होऊन नारपोलीत आल्या, त्या घर, नळ आणि लूम यांच्यातच राहिल्या. मला रागच आला. म्हटलं, या बायकांना मी फिरवून आणणार. सहल नाही, देवदर्शन नाही. नुसतं रमतगमत चालायचं, बसायचं, परत यायचं.

माझे मिस्टर पोस्टमन. ते म्हणाले, "अगं, मी रोज बारा किलोमीटर चालतो, त्याचा मला पगार मिळतो. या बायकांना कोण देणार?"

"तुम्ही ओझं घेऊन चालता," मी म्हटलं. "या रिकाम्या हाताने चालतील. फरक आहे."

तीन रविवार मी एकटी ती वाट चालले. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर नकाशा काढला. सावली कुठे, पिण्याचं पाणी कुठे, पत्ते कुटणारे पुरुष कुठल्या पारावर बसतात, आणि बायकांनी आडोशाला जायचं तर कुठे जायचं... हे शेवटचं कुठल्याही नकाशात नसतं, माझ्या नकाशात होतं. तीन थांबे, प्रत्येकी पंधरा मिनिटं. नियम एकच — सगळ्यांत हळू चालणारी बाई पुढे, तिला कुणी ओलांडायचं नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून शनिवार ठरला. निघायचं दीडला, परत साडेचारला. अकरा बायका तयार झाल्या.

बारावी सुलोचना. ती पडघ्याकडची, शेतकऱ्याघरची. तिचा नवरा मधुकर आमच्या गल्लीतल्या शेडमध्ये एका शेठचे चार लूम चालवायचा, आणि सुलोचना तिथेच पडवीत कांडी भरायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — लूमच्या धोट्यात आडव्या सुताची जी लहानशी गुंडाळी बसते, ती कांडी. एका लूमवर एक कांडी साधारण दहा मिनिटं टिकते. चार लूम म्हणजे तासाला चोवीस कांड्या. भरणारी उठली की लूम उभे.

"बाई, माजं कसं जमंल?" ती म्हणाली. "मी उठलं का चार लूम बसलं."

"जास्तीच्या भरून ठेव."

तीन दिवस ती रोजच्या कामावर थोड्या थोड्या जास्त भरत राहिली. शनिवारी दुपारी टोपलीत बहात्तर झाल्या. मी स्वतः मोजल्या, शेजारच्या नजमाभाभींनी पुन्हा मोजल्या. बहात्तर म्हणजे बरोबर तीन तास. साडेचारपर्यंत मधुकरला चिंता नाही.

पण मधुकरला चिंता होतीच. "बाई, आज साडेसहाला टेम्पो येनार हाय," तो लूम न सोडता ओरडून बोलला. शेडमध्ये सगळे ओरडूनच बोलतात. "कापडाचा ताका उतरला न्हाय तर शेठ चारी लूम दुसऱ्याला देनार. मागल्याच हप्त्यात बोललाय. मंग आमी काय करायचं, तलाव बघायचा?"

"साडेचारला ती मशीनवर बसलेली असेल," मी म्हटलं. "माझा शब्द."

निघताना सुलोचनाने कांडी भरायच्या मशीनवर सुताचे नवे कोन, म्हणजे मोठी रिळं, चढवून ठेवले, मशीनचा फ्यूज काढला आणि पदराच्या गाठीत बांधला. गल्लीतली पोरं मशीनला हात लावतात म्हणून ती उठताना नेहमी तसं करायची.

पहिला थांबा छान झाला. दुसरा होता तलावाकाठी, घाटाच्या पायऱ्यांवर. तिथे माझी चूक उघडी पडली. मी वाट चालले होते माझ्या चालीने, आणि थांबे मोजले होते घड्याळाने. पंधरा वर्षांत कधी नुसती न बसलेली बाई पाण्याशी बसली की पंधरा मिनिटांत उठत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकीने पाय पाण्यात सोडले, दुसरीने चणे काढले, नजमाभाभी म्हणाल्या, "बाई, यहाँ तो कान में सीटी बज रही है, इतनी शांती है!" सगळ्या हसल्या.

सुलोचना पायरीला टेकली आणि झोपली.

साडेतीनला मी तिला हलवलं. पुन्हा हलवलं. वर्गात पेंगणारी पोरं मी खडू मारून उठवते, मला त्यात काही वाटत नाही. ही उठेना. श्वास नीट, अंग गरम नाही, चेहरा शांत. फक्त उजव्या हाताची बोटं हलत होती. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरायचं... मग दोनदा आडवं... मग थांबायचं. पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, सवय आहे. पोळ्या लाटणाऱ्या बाईचेही हात झोपेत हलत असतील.

"सोने दो ना बाई," नजमाभाभी म्हणाल्या. "ऐसी नींद रोज़ नहीं आती."

"आणि लूम?"

तोंडावर पाणी मारून मी तिला उठवू शकले असते. ओंजळ भरलीही होती. नाही मारलं. मी दिलेला शब्द मी स्वतः मोडला, आणि का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. साडेचार वाजले. मनात म्हटलं, आता उभे राहिले लूम. मधुकरला काय तोंड दाखवणार, याची वाक्यं जुळवत बसले.

साडेपाचला ती आपोआप जागी झाली. सूर्य बघितला आणि किंचाळली. मग आमची रमतगमत फेरी नारपोलीला जवळजवळ धावत परतली! हळू चालणारी पुढे वगैरे नियम त्या दिवशी सुलोचनानेच मोडला.

गल्लीच्या तोंडाशी मात्र ती अशी थांबली की मी तिच्यावर आदळले. दहा शेडची खटखट एकात एक मिसळलेली. मला त्यातलं काही वेगळं कळत नाही. तिला कळतं.

"बाई," ती म्हणाली, "चालू हायत. आमचं चारी चालू हायत."

सहा वाजले होते. आत मधुकर लूमपाशी उभा, अंगावर कापसाच्या तंतूंचा पांढरा थर. आम्हाला बघून म्हणाला, "आलीस? घाई कशाला केलीस? अजून आठ हायत."

टोपलीत आठ कांड्या होत्या. भरलेल्या.

मी विचारलं, कोण आलं होतं? कोणी नाही. लूम मध्ये बंद पडले? एकदाही नाही. मग कांड्या कुठून आल्या? तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू बाईंना ऊन लागलंय. "टोपलीत हात घातला का व्हती. हिनंच भरून ठिवल्या ना?"

"मधुकर, बहात्तर होत्या. मी मोजल्यात. आता वाजले किती?"

त्याच्याकडे घड्याळ नव्हतं. मी माझं दाखवलं. मग मी पडवीत गेले. मशीनचा फ्यूज सुलोचनाच्या पदरात, गाठ तशीच घट्ट. पण मशीनवर तिने निघताना चढवलेले सुताचे नवे कोन अर्ध्यावर उतरले होते.

मधुकरने टोपलीतली एक कांडी उचलून उजेडात धरली. "हिचाच हात हाय," तो म्हणाला. "शेवटाला दोन येढं आडवं देती. दुसरं कोन न्हाय देत."

तेव्हा घाटावरची ती बोटं मला आठवली आणि मी तिथल्या खाटल्यावर बसले.

टेम्पो आला, ताका वेळेवर गेला, लूम मधुकरकडेच राहिले.

पुढे सगळ्यांनी आपापली उत्तरं काढली. नजमाभाभी म्हणाल्या, "बरकत है बाई, गिनो मत, चली जाती है." चाळीतल्या बायका म्हणाल्या, तलावावरच्या देवीने भरल्या, आणि ओटी घेऊन गेल्या. मिस्टर म्हणाले, "मोजायला चुकलीस." मी मोजायला चुकत नाही. तरी पुढच्या आठवड्यात शेडमध्ये दोन तास उभी राहून एकेका कांडीला घड्याळ लावलं. नऊ मिनिटं, दहा, अकरा. चार लूम साडेचार तास म्हणजे एकशे आठ, वर उरलेल्या आठ. चव्वेचाळीस कांड्या जास्तीच्या. सुलोचनाला विचारलं तर म्हणाली, "मला सपनात कांड्याच दिसत व्हत्या बाई. पन हात दुखत नव्हता."

हे ऐकून मधुकरने जे केलं ते मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटलं. कुठे अंगारा आणायला गेला नाही. शेठशी भांडला आणि शनिवारी दुपारी मशीनवर आपल्या बहिणीला बसवलं. मला म्हणाला, "हिला घेऊन जावा बाई. झोपंत तरी काम नको तिला."

मीही नकाशा दुरुस्त केला. दुसऱ्या थांब्यापुढे पंधरा मिनिटं खोडून लिहिलं — सगळ्या उठेपर्यंत.

आज आमच्या सात वाटा आहेत, काल्हेरच्या खाडीकडे जाणारी एक धरून. बारा बायकांच्या चाळीस झाल्या. परवा कामतघरच्या वाटेवर चाळीस जणींच्या पुढे सुलोचना चालत होती, पाण्याच्या बाटल्या कुठे भरायच्या ते नव्या मुलींना खडसावून सांगत. मी मुद्दाम मागे राहिले आणि बघत राहिले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. बावीस वर्षांच्या शाळेत मी यापेक्षा चांगलं काही उभं केलेलं नाही.

बाकी उत्तर माझ्याकडे नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा, पण देवी आणि बरकत सोडून. त्या चव्वेचाळीस कांड्यांचं कापड त्या संध्याकाळी टेम्पोत बसून गेलं. कुणाच्या तरी अंगावर त्याचा सदरा झाला असेल, धुऊन धुऊन एव्हाना विरलाही असेल. त्यातलं सूत कोणी भरलं, ते मला माहीत नाही.