बाईंच्या तेवीस बुरश्या

प्लेटांवरची शाई मी पुसली. मुद्दाम नव्हे, उत्साहानं. माझ्या हातून होणारी बहुतेक नुकसानं उत्साहातूनच होतात. तपासणी समिती येणार म्हणून साहेबांनी "सगळं लख्ख हवं" असं फर्मान काढलं, आणि मी, आवक-जावक सांभाळणारा कारकून, स्पिरिटचा बोळा घेऊन पीकरोगांच्या प्रयोगशाळेत शिरलो. तेवीस काचेच्या प्लेटा आरशासारख्या चकाकल्या. कुठली बुरशी कितव्या नंबरची, कुठल्या शेतातली, हे झाकणांवर लिहिलेलं होतं हे त्यानंतर कळलं.

ही बुरशी टोमॅटोची कोवळी रोपं बुंध्याशी कुजवून आडवी करते. प्रयोगशाळेतल्या बाईंनी अकरा वर्षं गावोगावच्या वाफ्यांतून तिचे हे तेवीस नमुने गोळा केले होते, दर पंधरवड्याला नव्या प्लेटीत हलवून जगवले होते. त्यांची मुलगी म्हणायची, "माझा वाढदिवस विसरतेस, पण सतरा नंबरचं खाणं बरं लक्षात राहतं!"

बाई ओरडल्या नाहीत. तान्ह्याच्या हातातली कात्री काढून घ्यावी तसा त्यांनी माझ्या हातातला बोळा काढून घेतला.

साहेबांनी तोडगा काढला. "सगळी एकच बुरशी ना? टाका कुठलेही नंबर. एकीवर औषध चाललं की सगळ्यांवर चाललं."

"तुमचा धाकटा भाऊही तुमच्याच आईचा ना, साहेब?" बाईंनी विचारलं. "मग उद्या त्याला बसवू का खुर्चीत?"

साहेबांचा भाऊ किती उनाड, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. "तीन आठवडे देतो," साहेब म्हणाले. "समितीपुढे जिची ओळख पटणार नाही, ती उकळून फेकायची."

बाईंनी प्रत्येक नंबरचे गुण टिपलेली जुनी वही काढली, रोपांचे तेवीस ट्रे मांडले आणि एकेका ट्रेत एकेक बुरशी सोडली. मग एकेकीचे गुण दिसू लागले. एक कापसासारखी फुगायची, पण रोपाला धक्का लावायची नाही, नुसता थाट. एक चपटी, तपकिरी, चारचौघींत लक्षातही न येणारी. तिनं तिसऱ्या दिवशी अख्खा ट्रे झोपवला.

"ही चौदा," बाई कौतुकानं म्हणाल्या. "दिसायलाच गरीब हो!"

एक तर औषध घातलेल्या प्लेटीतही सुखानं नांदत होती. औषध तेच, साहेबांचं, सगळ्यांवर चालणारं.

एकवीस जणींची ओळख पटली. उरल्या नऊ नंबर आणि वीस नंबर. रंग तोच, वाढ तीच, रोपं मारायची घाईही तेवढीच. यातली कुठली कोण, ते काही केल्या ठरेना. बाईंनी दोन्ही झाकणांवर लिहिलं, "ओळख पटली नाही." समितीनं एकवीस ठेवल्या. उरलेल्या दोघी बाईंनी स्वतःच्या हातानं उकळल्या आणि बराच वेळ भांडं घासत बसल्या.

मला राहवेना. "बाई, अंदाजानं दोन नंबर ठोकले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं!"

"तुम्ही आपलं पुसायचं बघा, लिहायचं मला कळतं."