गोधडीवर चालून पाहिलेले बूट

शहाद्याच्या रिसेप्शनला नकला करायला पहिल्यांदाच माझ्या हातात माइक येणार होता. पण कार्यक्रम ठरवणारे काका फोनवर बोलले, "कोट-बूट पाहिजे. सँडलवर आलास तर माइक दुसऱ्याला देईन."

माझी नक्कल म्हणजे चालण्याची. पुढारी कसा चालतो, हेडमास्तर कसे चालतात, कंडक्टर हलत्या गाडीत कसा चालतो. आवाज काय, कोणीही काढतं.

मोबाइलवर बूट शोधले. रिव्ह्यू ज्याच्या त्याच्या आवाजात वाचले. 'टाचेला लागतो, बाकी ठीक' असं एकानं लिहिलेलं. त्याचा आवाज मी इतका रडका काढला, की मलाच तो खोटा वाटला. मागवले.

खोकं आलं. वास घेतला, रेक्झिनचा. कडेची शिलाई नखानं उचकून बघितली, नुसती छापलेली. पण पाय आत गेला तर एकदम मऊ! मऊ लागणारच, मी गोधडीवर उभा होतो. तळ मळला की परत घेत नाहीत, म्हणून आमच्याकडे नवा बूट गोधडीवरच चालून बघतात. परत करायचा आज शेवटचा दिवस. मी घालायचो, काढायचो, परत घालायचो.

माय दारातून बघत होती. "काय करी ऱ्हायना रे? गोधडी फाडशी का?"

"बूट पारखी ऱ्हायनू."

"मंग जमिनवर चाल ना!"

"तळ मळी जाई, माय."

तिनं दुधाच्या दोन रिकाम्या पिशव्या आणल्या, बुटांवर चढवल्या, वर रबर लावले. अंगणात मी चर्र-चर्र करत पुढारी चालून दाखवला. मग हेडमास्तर. मग कंडक्टर.

माय हसलीच नाही. "तुन्हा सर्वा लोके एकसारखाच चाली ऱ्हायनात. सर्वासनी टाच दुखस का?"

दुखत होतीच. पिशव्या काढल्या, तळ कोरा होता. मोबाइलवर परतचं बटण दाबलं. आता माइक गेला तर?

बसवेना. काकांना फोन लावला. "काका, बूट नाहीत. सँडलवर येऊ?"

"मी काय बोललो होतो?"

"चावऱ्या बुटात पुढारी लंगडतो, काका. लोक हसणार नाहीत, दुखण्याची गोळी आणून देतील."

तिकडे मांडव ठोकत होते. त्या आवाजावरून काका ओरडले, "काळे सँडल आहेत का? मोजे घालून ये. आणि फोटोवाल्याला सांगतो, कमरेच्या वरचेच काढ."